करुणेला ड्युटी लावा

व्हिडिओ काढला, लोकेशन पाठवलं, ‘कुणीतरी लवकर या’ असं लिहिलं आणि गाडी सुरू करून निघून गेलात. तुमच्या लेखी काम झालं. भिलाईत सुपेल्याच्या रस्त्यावर मागचे पाय ओढत पडलेल्या कुत्र्याचं मात्र अजून काहीच झालेलं नाही.

हा ‘कुणीतरी’ कोण असतो, ते एकदा स्पष्ट सांगतो. तो पगारी नसतो. त्याला सरकारी गाडी नसते. कॉलेजात शिकणारी मुलगी, दुकान बंद करून आलेला पोरगा, स्वयंपाक आटोपून निघालेली मावशी, अशी ही माणसं. ती येतात, कुत्र्याच्या जबड्याला कापडी पट्टी बांधतात, कारण वेदनेत असलेलं जनावर मायेच्या हातालाही चावतं. पाठीला मार असेल तर त्याला सपाट फळीवर घेतात. मग डॉक्टर, एक्स-रे, सलाईन. मणका गेला असेल तर पुढचे कित्येक आठवडे दिवसातून अनेकदा हाताने मूत्राशय रिकामं करायचं, कूस बदलायची, अंगाला पडलेल्या जखमा धुवायच्या. पावसाळ्यात साध्या जखमेतही दोन दिवसांत अळ्या होतात. त्या एकेक काढून रोज ड्रेसिंग करायचं. तुमचा व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा होता. शुश्रूषा महिनोन्‌महिने चालते.

म्हणून पहिली गोष्ट. फोन केलात ते चांगलं केलंत, पण मदत येईपर्यंत तिथून हलू नका. रहदारी वळवा, सावली करा, शुद्धीवर असेल तर थोडं पाणी जवळ ठेवा, गर्दी मागे सारा. जमलं तर डॉक्टरच्या पहिल्या बिलाला हातभार लावा. जो बघतो, त्याच्यापासूनच बचाव सुरू होतो.

दुसरी गोष्ट भिलाईकरांना मुद्दाम सांगायची आहे, कारण ती त्यांना कोणाहीपेक्षा लवकर कळेल. १९५५ साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथला पहिला ब्लास्ट फर्नेस सुरू झाला. तेव्हापासून हे गाव पाळीवर जगतं. फर्नेसला दिवाळी नसते, लग्नसराई नसते, कंटाळा नसतो. रिलीव्हर येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा इथल्या घराघरांतला संस्कार आहे. आपले आजोबा, वडील, काका याच शिस्तीत जगले. विदर्भातून येऊन सेक्टरांमधल्या क्वार्टरांत संसार मांडलेल्या मराठी घरांनाही तो तितकाच ठाऊक आहे.

प्राण्यांच्या बचावकार्याला नेमकं हेच हवं आहे. प्रेमाची टंचाई नाही. रविवारी पिल्लांना कुरवाळायला पुष्कळ लोक येतात. मंगळवारी दुपारी पिंजरे धुवायला कोणी नसतं. परीक्षा आल्या की कॉलेजची मुलं गळतात, सण आला की गृहिणी अडकतात, आणि सगळा भार शेवटी दोन-तीन माणसांच्या खांद्यावर येतो. ती माणसं थकतात, आजारी पडतात, घरच्यांशी भांडतात आणि एक दिवस फोन उचलणं बंद करतात. गट असाच संपतो. त्याला कोणी शत्रू लागत नाही, रिलीव्हर न मिळणं पुरेसं असतं.

तेव्हा स्वयंसेवक व्हायचं असेल तर ‘कधीही हाक मारा’ असं सांगू नका. ‘गुरुवारी संध्याकाळी सहा ते आठ मी येणार, आणि येता आलं नाही तर बदली माणूस मीच देणार’ असं सांगा. आठवड्याचे दोन तास पुरेत, पण ते पक्के हवेत. असे तीस जण मिळाले तर गटाच्या हातात आठवड्याला साठ तास येतात, तेही कोणाचा संसार न मोडता.

‘मला कुत्र्यांची भीती वाटते, मी काय करणार?’ खूप काही. जनावराला हात न लावता करायची कामं निम्म्याहून अधिक आहेत. फोन घेणं आणि कुठली केस आधी हे ठरवणं. औषधांचा साठा मोजणं. हिशेब लिहिणं. पिल्लू मागायला आलेल्या घराची चौकशी करणं आणि महिन्याने पुन्हा जाऊन बघणं. जुन्या चादरी, पोती, वर्तमानपत्रं गोळा करणं. या गावात तर निवृत्त कसबी माणसांची खाण आहे. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, स्टोअरकीपर, नर्स, अकाउंट्सचे बाबू. ज्या हातांनी प्लांट चालवला, त्यांना एक नीट बंद होणारा पिंजरा, चाकांची ट्रॉली, पाण्याचा निचरा होणारी फरशी करणं अवघड आहे का? काका, सकाळच्या फिरण्यानंतरचा एक तास द्या. तुमच्या एका वेल्डिंगने एखाद्या मुलीचा हात चाव्यापासून वाचेल.

एक अट मात्र सगळ्यांना. जनावरं हाताळणार असाल तर आधी स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. आणि चावा किंवा ओरखडा झालाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आधी लस घेतली होती म्हणून हे चुकवायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. यात धाडस दाखवायचं कारण नाही.

आता पैशाचं बोलू. बहुतेक गट एकाच पद्धतीने पैसे उभारतात. रक्ताळलेल्या जनावराचा फोटो टाकायचा, खाली क्यूआर कोड द्यायचा. चार दिवस पैसे येतात, मग फोटो जुना होतो. पुढच्या वेळी त्याहून भयंकर फोटो लागतो. लोकांची नजर मरत जाते आणि औषधाच्या दुकानातली उधारी वाढत जाते. हा मार्ग सोडा.

मराठी माणसाला वर्गणी शिकवायला नको. शंभर-दोनशे घरं, एक पावतीपुस्तक, दोन कार्यकर्ते आणि शेवटी मंडपात लावलेला जमाखर्चाचा कागद, एवढ्यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या गणपती बसवत आलो. राजनांदगावच्या विसर्जनाच्या झांक्या बघायला सगळा परिसर लोटतो. त्यामागेही अशीच घरोघरची वर्गणी असते. तीच रीत इथे लावा. तीनशे घरांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर तीस हजार होतात. मोठी रक्कम नाही. पण दर महिन्याच्या पाच तारखेला ती येणार हे ठाऊक असलं की डॉक्टरशी दर ठरवता येतो, लसी घाऊक भावात घेता येतात, एक सफाई कामगार पगारावर ठेवता येतो. एकदाच आलेल्या लाखापेक्षा दरमहा येणाऱ्या तीस हजारांवर गट टिकतो.

याला आपल्याकडे जुना दाखला आहे. जून १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहर बंद पडलं. पण त्या लोकांनी संताप ओसरला म्हणून घर गाठलं नाही. १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांनी मुंबईची पांजरापोळ उभी केली, आणि ती चालवण्यासाठी आपल्याच व्यापारी उलाढालीवर छोटा लागा बसवून घेतला. दया आली तेव्हा द्यायचं, असं त्यांनी ठेवलं नाही. व्यवहार झाला की ठरलेला वाटा बाजूला निघायचा. भुलेश्वरची पांजरापोळ आजही आहे. आपला गट दोन वर्षं तरी टिकावा असं वाटत असेल तर दंगलीची गोष्ट थोडक्यात सांगा आणि लाग्याची पुनःपुन्हा सांगा.

पैसे मागणाऱ्यांनाही चार शब्द सुनावायला हवेत. गटाचे पैसे स्वतःच्या खात्यावर घेऊ नका. तुम्ही प्रामाणिक असाल, पण तुमच्या प्रामाणिकपणाचा पुरावा खातं देतं, चेहरा देत नाही. संस्था म्हणून नोंदणी करा, संस्थेचं खातं उघडा, लेखापरीक्षण करून घ्या. दर महिन्याला एका पानाचा हिशेब लोकांसमोर ठेवा: किती आले, औषधाला किती, गाडीला किती, उधारी किती. किती जनावरं बरी झाली ते लिहाच, पण किती दगावली तेही लिहा. लोक मृत्यूमुळे तुटत नाहीत, लपवाछपवीमुळे तुटतात.

नोंदणीचा आणखी एक उपयोग आहे. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा (सीएसआरचा) पैसा कशावर खर्चता येईल त्या यादीत, प्राणिकल्याणाचा स्पष्ट उल्लेख आहे. भिलाईच्या आजूबाजूला कारखान्यांना तोटा नाही. पण त्यांच्या दारात जायचं तर नोंदणीकृत संस्था, करसवलतीची कागदपत्रं आणि साधारण तीन वर्षांच्या कामाची नोंद लागते. ती नोंद आज लिहायला घेतली तर तीन वर्षांनी हाती येईल.

इथून शिकून पुण्या-बंगळुरूला आणि परदेशात गेलेली आपली मुलं सुट्टीत येतात तेव्हा ‘आपल्या गल्लीतला लालू कुठे गेला?’ म्हणून विचारतात. त्यांना सांगा, लालूची आठवण दरमहा पाठव. परदेशात राहणारा पण भारतीय नागरिक असलेला माणूस आपल्या कमाईतून बँकेमार्फत देणगी देतो, तेव्हा ती परदेशी देणगी धरली जात नाही. ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं त्याची देणगी मात्र, ओसीआय कार्ड असलं तरी, परदेशीच ठरते. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, परवानगी लागते. हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढे चांगल्या कामाला नोटीस यायची नाही.

आता महामार्गाकडे बघा. पावसाळ्याच्या रात्री चरोद्यापासून नेहरू नगरपर्यंत कुठेही गाय-बैल रस्त्यात बसलेले असतात. कोणाचं दूध आटलं म्हणून सोडलेलं, कोणाला पीक उभं आहे म्हणून शेतातून हाकललेलं, कोणाला धार काढून झाली की दिवसभर उकिरड्यावर चरायला मोकळं केलेलं. छत्तीसगढमध्ये रोका-छेकाची जुनी रीत आहे: पेरणी झाली की गुरं मोकळी सोडायची नाहीत, गावाने मिळून ती राखायची. २०२० मध्ये सरकारने तिची मोहीम केली. त्याच वर्षी २० जुलैला, हरेलीच्या सणाला, गोधन न्याय योजना सुरू झाली आणि दोन रुपये किलोने शेण विकत घेतलं जाऊ लागलं. पुढे सरकार बदललं, योजना बदलल्या. गुरं रस्त्यावरच राहिली. ट्रकची धडक बसते तेव्हा गाय मरते आणि अनेकदा दुचाकीवरचा माणूसही मरतो.

रात्री चमकणारे रेडियमचे पट्टे गुरांच्या गळ्यात बांधणं हे एका संध्याकाळचं काम आहे. शाळेची मुलं, बँकेतले कर्मचारी, महिला मंडळ, कोणीही पट्ट्यांसाठी पैसे उभारू शकतं. बांधायला मात्र जाणती माणसं न्या. आणि घरातून सुरू होणारं एक काम: भाज्यांची सालं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून फेकू नका. गाय गाठ सोडत नाही, पिशवीसकट गिळते. ते प्लास्टिक पोटात साठत जातं, आणि मग पोट फाडून काढण्याखेरीज इलाज उरत नाही. दुर्गजवळ अंजोऱ्याला कामधेनू विद्यापीठाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गटांनी तिथे जाऊन आपल्या स्वयंसेवकांसाठी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मागावं. एवढं जवळ शिकण्याचं ठिकाण असताना मोबाइलवरचे व्हिडिओ बघून ड्रेसिंग करणं हा जनावरावर अन्याय आहे.

कुत्र्यांचा विषय याहून नाजूक आहे, कारण इथे माणसांची भीती खरी आहे. ज्या आईच्या मुलाला चावा बसला, तिला ‘तुम्हाला दयामाया नाही’ असं सुनावणारा प्राणिमित्र कुत्र्यांचं नुकसान करतो. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणं कुत्र्यांमुळे असतात, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली तर रेबीजची साखळी तुटते. म्हणजे घाबरलेल्या शेजाऱ्यालाही गटाचा उपयोग आहे. त्याच्या गल्लीत लसीकरण शिबिर भरवा, नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाची खाच त्याला दाखवा, त्याच्या दारासमोर अन्न टाकू नका. तो तुमचा वर्गणीदार होईल.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी सांगितलं की कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडायचं, रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्र्यांचा अपवाद करायचा, आणि अन्न प्रत्येक वॉर्डात ठरवलेल्या जागीच द्यायचं. ७ नोव्हेंबरला पुढचा आदेश आला: शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं इथली कुत्री निवाऱ्यांत हलवायची, त्या आवारात परत सोडायची नाहीत, आणि महामार्गांवरून गुरं हटवायची. या आदेशांवर कोणाचं मत काहीही असो, निवाऱ्यात नेलेल्या जनावराला रोज कोण खाऊ घालणार, कोण साफ करणार, आजारी पडल्यावर कोण ओळखणार, हे आदेशाच्या कागदावरून होणार नाही. तिथेही माणसंच लागतील.

आणि भिलाईची आणखी एक अडचण आहे. दुर्ग, भिलाई, रिसाली, भिलाई-चरोदा अशा चार महापालिका एकमेकींना खेटून उभ्या आहेत. त्यात टाऊनशिपचा कारभार स्टील प्लांटकडे. रस्त्याच्या अलीकडे नसबंदी झाली आणि पलीकडे नाही, तर केलेली मेहनत दोन विणीत वाया जाते, कारण कुत्री हद्द ओळखत नाहीत. नसबंदी ही कायद्याने स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. २०२३ चे नियम तेच सांगतात. म्हणून गटांनी महापालिकेचं काम स्वतःच्या खिशातून करत बसू नये. सगळ्या गटांनी एकत्र येऊन पाचही कारभाऱ्यांकडे एकच मागणी करावी: एक संयुक्त वेळापत्रक, वॉर्डवार, लेखी. आज एका गटाचं दुसऱ्याशी पटत नाही, हा त्याला वाईट म्हणतो, तो याला चोर म्हणतो. तुमच्या भांडणाची किंमत जनावर देतं.

गटांना शेवटचं एक कटू सांगायचं आहे. ‘नाही’ म्हणायला शिका. वीस जनावरांच्या जागेत साठ कोंबली तर एका आजारी पिल्लाचा पार्व्हो विषाणू सगळ्या पिल्लांना संपवतो. क्षमता ठरवा, ती भिंतीवर लिहा आणि पाळा. वन्यजीव सापडला, मग तो साप असो, घुबड असो की पोपटाचं पिल्लू, तर वनविभागाला कळवा, घरी ठेवू नका. पलीकडे गडचिरोलीत हेमलकशाला प्रकाश आमट्यांनी मारलेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू शिकाऱ्यांकडून मागून घेतलं आणि त्यातून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं, ही गोष्ट आपण सगळे भारावून सांगतो. त्या गोष्टीतलं पुढचं वाक्यही सांगत जा. त्यांचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून तिथे आहे, आणि त्या जनावरांचं खाणंपाणी इतकी वर्षं रोज, न चुकता केलं गेलं आहे.

कायद्यावर विसंबून बसण्यात अर्थ नाही. १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. एका जिवाच्या छळाची किंमत अजूनही एवढीच लिहिलेली आहे. विष घालणाऱ्याला किंवा लुळंपांगळं करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तेव्हा तक्रार द्यायला जाल तर हे कलम ठाऊक असू द्या. पण शिक्षेने जखम भरत नाही. ती रोज धुणाऱ्या हातांनीच भरते.

तर यंदा गणपतीची वर्गणी काढायला निघाल तेव्हा पिशवीत दुसरं पावतीपुस्तक ठेवा. मंडळाने जवळच्या एका गटाला वर्षभरासाठी दत्तक घ्यावं. दरमहा ठरलेली रक्कम, दर तिमाहीला हिशेब, आणि मंडळाच्या फळ्यावर सात वारांचा तक्ता. प्रत्येक वारापुढे एक नाव, त्याच्यापुढे त्याच्या रिलीव्हरचं नाव. या गावात असा तक्ता वाचता न येणारं घर नाही.

तुमचं प्राण्यांवर प्रेम आहे यावर माझा विश्वास आहे. आता वार सांगा.